धाकूबायचं पाणी

फार वर्षांपूर्वी, माणसं बाजारात विकली जात त्या काळी, आंबेवेळ बंदरात धाकूबाय नावाची एक विधवा राहायची. किनाऱ्याच्या कातळात गोड्या पाण्याचा एकच झरा होता. त्यातला गाळ ती काढायची, राखणही तीच करायची. येणारी-जाणारी गलबतं तिच्याकडूनच पाणी भरून घेत.

एका वैशाखात परमुलखातलं एक गलबत कातळाला लागून उभं राहिलं. त्याचा मालक, नाखुदा, रिकामी पिंपं घेऊन झऱ्यावर आला. तेवढ्यात गलबताच्या पोटातून कण्हणं ऐकू आलं.

“आत कोण आहे?” धाकूबायनं विचारलं.

“माल आहे.”

“मालाला तहान लागत नाही. माणसं खाली उतरव. त्यांना पिऊ दे, मग तुझी पिंपं भर.”

नाखुदानं तलवार उपसली. गावचा खोत धावत आला. “धाकूबाय, दे बाई पाणी. गाव जाळील तो.”

भीती तिलाही वाटली. पण तिनं झऱ्यावर शिळा ओढली आणि वर बसली.

खलाशांनी तिला उचलून बाजूला केलं, पिंपं भरली. असं म्हणतात, गलबतावर चढवताच ते पाणी मिठासारखं खारट झालं. तीन दिवस भरलं, तीन दिवस ओतलं. तोवर सारा गाव येऊन तिच्या मागं उभा राहिला होता, खोतसुद्धा. चौथ्या दिवशी खलाशांचेच ओठ फुटले, तेव्हा नाखुदानं झडप उघडली.

बेड्या घातलेली चाळीस माणसं उतरली. धाकूबाय खुणेनं एकेकाला नाव विचारायची, मग ओंजळीत पाणी ओतायची. एका म्हातारीला स्वतःचं नावच आठवेना. “माझं घे,” धाकूबाय म्हणाली. असं म्हणतात, पाणी घशाखाली उतरलं तशा बेड्या गळून पडल्या. लोहार मात्र सांगतात, त्या आमच्या खापरपणज्यानं घणानं तोडल्या. दोन्ही खरं असेल.

नाखुदा माणसं परत मागू लागला.

“पाणी ने,” ती म्हणाली. “इथून तहानेला कुणी जात नाही. माणसं मात्र आता मिळायची नाहीत.”

गलबत पाणी घेऊन गेलं. ते चाळीस जण आंबेवेळचेच झाले.

अजूनही वैशाखात त्या दिवशी ढोल वाजतात, सारा गाव झऱ्यावर रांग लावतो. त्या चाळिसांच्या वंशातली एखादी बाई पाणी वाढते. आपलं नाव मोठ्यानं सांगायचं आणि ओंजळ पुढं करायची. आडनाव सांगितलं तर पाणी मिळत नाही.

मागं एकदा आमदार आले होते. सवयीनं बापाचं नाव, आडनाव, हुद्दा, सगळं सांगून बसले. वाढणारीनं तांब्या कलता केला नाही. “नुसतं नाव सांगा, साहेब,” ती म्हणाली.

त्यांनी सांगितलं. मग प्यायले.