नराच्या पोटातले गर्भाशय

एकदा एका नर उंदराच्या पोटात गर्भाशय सापडले आणि एका शांत प्रयोगशाळेची झोप उडाली. ते शोधले होते मुक्ता नावाच्या संशोधक विद्यार्थिनीने. तिचा सहाध्यायी नीलकंठ याला मात्र पहिल्या क्षणापासून वाटले, की इथे कुठेतरी पाणी मुरते आहे. वृषण धडधाकट आणि शेजारी गर्भाशय, असे कुठे असते? हिने मादीचा अवयव आणून ठेवला असणार.

संशयाला औषध नसते. मुक्ता पिंजऱ्यांच्या खोलीत गेली, की नीलकंठ काचेतून पाहत राही. ती हसली तर का हसली, गप्प बसली तर काय लपवते आहे. हे कसे घडते, ते तिने दोनदा समजावून सांगितले. दोन्ही वेळा तो तिच्या हातांवर नजर ठेवून होता. अखेर त्याने वृद्ध आचार्यांकडे तक्रार नेली. ती खरी ठरली असती तर मुक्ताचे संशोधन तिथेच संपले असते.

आचार्यांनी चौकशी केलीच नाही. पिंजऱ्यांच्या खोलीची किल्ली नीलकंठाच्या हाती देऊन ते म्हणाले, "त्या उंदराच्या आईबापांची पुढची पिल्लं तू वाढव. आत दुसरं कुणी जाणार नाही. मीसुद्धा नाही."

नीलकंठ मनोमन सुखावला. आता लबाडी उघडी पडणार होती. पिल्ले जन्मली, वाढली. त्याने नर स्वतः तपासले. एकाच्या पोटात पुन्हा गर्भाशय होते. कुलूप शाबूत होते. आचार्यांकडे दुसरी किल्ली तर नसेल, असेही त्याच्या मनात येऊन गेले, आणि त्या विचाराची त्याला लाज वाटली.

"आत कोण जात होतं?" आचार्यांनी विचारले.

"फक्त मी, सर."

"मग तुझ्याच न्यायाने लबाड कोण?"

नीलकंठाने किल्ली आचार्यांसमोर ठेवली.

आचार्य सौम्यपणे म्हणाले, "गर्भात आरंभी दोन्ही नलिका असतात, नराची आणि मादीचीही. नराचं वृषण एक संप्रेरक सोडतं. मादीच्या नलिकेने आता विरून जावं, एवढाच त्याचा निरोप. तो घ्यायला नलिकेभोवतीच्या पेशींवर ग्राही, म्हणजे निरोप झेलणारे रेणू, लागतात. या उंदराच्या पेशींवर ते उपजतच नाहीत. निरोप खरा, तोही भरपूर. घेणारं कुणी नाही. म्हणून जे विरायचं तेच वाढलं. मुक्ता तुला हेच सांगत होती. संशयाने माणसाचंही असंच होतं, बाळा."

नीलकंठ शेजारच्या खोलीत गेला. मुक्ता आपली पुस्तके पिशवीत भरत होती.

"चुकलो मी," तो म्हणाला. "तू सांगत होतीस ते पुन्हा सांगशील? मी तेव्हा ऐकलंच नव्हतं."

मुक्ताने त्याच्याकडे रोखून पाहिले. त्याच्या हातात काही आहे का, तेही पाहिले.

"सांगेन," ती म्हणाली, "पण सर समोर असतील तरच."

नीलकंठाचा पश्चात्ताप खरा होता. तो घेणारे तिच्यातले मन मात्र आपणच बंद केले आहे, हे त्याला समजले, आणि तो मुकाट्याने आचार्यांना बोलवायला गेला.