सोवळ्यातला निर्णय

"झोपेत असला तरी?" स्वामींनी विचारलं.

"झोपेत असला तरी," अच्युतशास्त्री म्हणाले.

"जेवत असला तर?"

"तरीही. अंघोळ करत असो, देवापुढे बसलेला असो. हैबती नाईक सरकारशी लढतो आहे, आणि लढणारा माणूस आठही प्रहर लढाईतच असतो. तो दिसेल तिथे त्याला मारायला शास्त्राची हरकत नाही, असा निर्णय मी काल भर दरबारात दिला."

"दरबार काय म्हणाला?"

"शाल दिली."

स्वामी हसले.

मांजरेच्या काठच्या त्या मठात शास्त्रीबुवा बोधगिरी स्वामींपाशी न्याय शिकले होते. आता ते सुभेदाराच्या पदरी होते. सुभेदाराला जे करायचं ते आधीच ठरलेलं असे, आणि त्याला शास्त्राचा आधार शास्त्रीबुवा मागाहून शोधत. तो सापडला नाही असं कधी झालं नाही. हुशार माणूस! मला असल्या हुशारीची चीड आहे, आणि ती मी लपवणार नाही.

नाईक मठात शिरल्याची खबर होती. नदीच्या उताराला जमादार रायाजी स्वार घेऊन थांबला होता. रायाजी देवभोळा. मठात तलवार चालवायची तर शास्त्रीबुवांनी समोर उभं राहून 'हो' म्हणावं, पाप त्यांच्या माथी, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. म्हणून शास्त्रीबुवा नदीत अंघोळ करून, सोवळं नेसून गुरूकडे आले होते. गुरूचा आशीर्वाद मिळाला असता तर पापाचंही परस्पर मिटलं असतं.

"तो इथे आहे का, स्वामी?"

स्वामी नाही म्हणतील अशी शास्त्र्यांची खात्री होती. त्यावरचं उत्तरही त्यांनी तयार ठेवलं होतं.

"आहे की. तो बघ."

ओसरीच्या टोकाला एक काळासावळा, रोड माणूस पत्रावळी टाचत बसला होता. जमत काहीच नव्हतं. पानात जायची काडी बोटात घुसत होती.

शास्त्री बघतच राहिले.

"ओळखलं नाहीस?"

"मी त्याला... कधी पाहिलेलं नाही."

"तेच बरं. पाहिलेल्या माणसाचा निर्णय करणं जड जातं."

नाईक उठून उभा राहिला. "रामराम, शास्त्रीबुवा."

ज्याला मारायचं ठरलं आहे त्याला उलट रामराम घालावा की नाही, याचा आधार शास्त्रीबुवांनी शोधलेला नसावा. त्यांनी नुसती मान हलवली.

"काल त्यानं तलवार दाराशी टाकली," स्वामी म्हणाले. "यापुढे लढत नाही म्हणतो."

"मठाच्या दारात टाकून चालत नाही. सरकारच्या दारात टाकायला हवी."

"तिकडे त्याचा भाऊ निघाला होता."



"वाटंत नदीवर तोंड धूत व्हता, तवा मारला त्येला," नाईक म्हणाला. "खांद्यावर निस्ता पंचा व्हता, बुवा."

"तो लढाईत होता."

"पंचा घेऊन?" स्वामींनी विचारलं.

"लढाई माणसाच्या मनात असते, स्वामी."

"आणि त्याच्या मनात तू शिरून आलास."

शास्त्र्यांनी सोवळ्याचा काठ सारखा केला.

"म्हाराज, एक इचारू?" नाईक म्हणाला.

"विचार."

"लढाई हाय म्हंजी सुभेदारबी लढाईतच न्हवं? मग त्यो झोपला असताना म्या गेलो, तर चालंल?"

"तोंड सांभाळ!" शास्त्री ताडकन म्हणाले. "तो खून होईल."

"का रे?" स्वामींनी विचारलं.

"कारण हा सैनिक नाही. दरोडेखोर आहे."

"मग ही लढाई नाही, दरोडा आहे. दरोडेखोराला पंचांपुढे उभा करायचा, साक्षी घ्यायच्या, त्याचं म्हणणं ऐकायचं. मीच शिकवलंय तुला."

"तसं करता येत नाही. लढाई चालू आहे."



आपण काय बोललो ते बहुधा शास्त्र्यांच्याच कानांवर आलं असावं. त्यांनी घाईघाईने दुसरा रस्ता काढला.

"बरं, मारत नाही. आपल्या शब्दाखातर. किल्ल्यावर नुसता डांबून ठेवू. शिक्षा नाही, बेडी नाही."

"किती दिवस?"

"लढाई संपेपर्यंत."

"संपली हे कोण सांगणार?"

"अर्थात सुभेदार."

"याचा चुलता किल्ल्यावरच आहे ना? त्याला कशासाठी ठेवलाय?"

"लढाई संपेपर्यंत."

"कुठली लढाई?"

शास्त्री चाचरले. "...मागची."

"ती संपली."

"ती संपली. पण ही लागली."

आता मात्र नाईकालाच हसू आलं. चुलत्याची आठवण होऊन ते तिथेच विरलं.

शास्त्र्यांचा आवाज चढला. "स्वामी, आपण उगाच शब्दांचा कीस पाडता आहात. बंडखोराला आसरा देणाराही बंडखोरच, हा निर्णयही माझाच आहे. आणि हा मठ सरकारी इनामावर चालतो, ते विसरू नका."

"उद्यापासून माधुकरी मागू."

"मी थट्टा करत नाही!"

"मीही करत नाही. मी बंडखोर ठरलो, म्हणजे मीही आठही प्रहर लढाईतच. मग मला झोपेत मारणार की जेवताना? आज तेवढं जेवताना नको. आज पिठलं आहे."

एवढ्यात अंगणात पावलं वाजली. थांबून कंटाळलेला रायाजी आत आला होता. वहाणा त्याने बाहेर काढल्या होत्या. तलवार मात्र हातात उपसलेली होती.

"शास्त्रीबुवा, ह्योच का नाईक?" त्याने विचारलं. "तोंडानं म्हनू नका हवं तर. निस्ती मान हलवा."

मागचं दार सताड उघडं होतं. नाईकाने तिकडे पाहिलंही नाही. हातातली पत्रावळ खाली ठेवून तो पुढे आला आणि शास्त्र्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर उभा राहिला.

"म्याच हैबती," तो म्हणाला. "हलवा मान."

शास्त्र्यांनी रायाजीकडे पाहिलं, मग गुरूकडे...

"रायाजी, ती तलवार जरा दे," स्वामी म्हणाले.

रायाजी गोंधळला, पण गोसाव्याला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. स्वामींनी तलवार दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि मूठ शास्त्र्यांपुढे केली.

"घे. निर्णय तुझा, हातही तुझाच असू दे."

शास्त्री झटकन मागे सरले.

"हे काय, स्वामी! मुठीला कातडं आहे. मी सोवळ्यात आहे!"



रायाजीने पुढे होऊन आपली तलवार परत घेतली. म्यानात घातली. नाईकाकडे एकवार नीट पाहून घेतलं.

"ज्याला कातड्याचा इटाळ सोसंना, त्यो माझं पाप काय घेनार?" तो म्हणाला.

त्याने स्वामींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो बाहेर पडला. सुभेदाराला काय सांगायचं, हे त्याने कुणाला विचारलं नाही. जरा वेळाने घोडे नदीच्या पाण्यात शिरल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

नाईक मटकन खाली बसला. स्वामींनी त्याला पाणी दिलं.

शास्त्री अजून तिथेच होते. चेहरा लालबुंद झाला होता. एवढ्या वर्षांत त्यांचा असा पाणउतारा कुणी केला नव्हता.

"एका शिपायासमोर आपण माझी शोभा केलीत," ते म्हणाले. "आपल्या शिष्याच्या हातात तलवार देता? माझ्या? मी विद्वान ब्राह्मण आहे, स्वामी. शस्त्राला मी जन्मात कधी हात लावलेला नाही!"

स्वामींनी त्यांच्याकडे पाहिलं...

"मग मारतोस कशानं?"