पायांपर्यंतचा उजेड

एकदा एका पेठेत एक वृद्ध छायाचित्रकार राहत होता. त्याच्या हाताखाली एक शिष्य उभे फोटो काढण्याचे काम शिकत होता. एके दिवशी कापडाचा एक व्यापारी आपल्या मुलीला घेऊन स्टुडिओत आला. स्थळाकडे पाठवायला तिचा उभा फोटो हवा होता. मुलीचा डावा पाय लहानपणापासून वाकडा होता.

"चेहरा उजळ येऊ द्या," व्यापारी हळूच म्हणाला. "खाली अंधार राहिला तरी चालेल. समजलं ना?"

शिष्याला समजले. त्याने मोठा दिवा मुलीच्या चेहऱ्याजवळ आणला. चेहरा उजळला आणि गुडघ्यांखालचे सगळे काळोखात गेले. शिष्य स्वतःवरच खूश झाला. जमिनीवर अंथरलेल्या पांढऱ्या कागदावर मुलगी मान खाली घालून उभी होती.

वृद्ध उठला. त्याने दिवा पार भिंतीपर्यंत मागे ओढला आणि उजेड उलटून पायांवर पडावा म्हणून मुलीच्या पायांपुढे थर्माकोलचा पांढरा तुकडा आडवा ठेवला.

"पोरी, चपला काढ. तुला जमेल तशी उभी राहा."

आता पायांवर चेहऱ्याइतकाच उजेड पडला. मुलीने प्रथमच मान वर केली.

व्यापारी संतापला. "म्हातारबुवा, डोळे गेले का तुमचे? समोरच्या स्टुडिओत हे काम हसत करतील!" त्याने मुलीचा दंड धरला. दारातून जाताना तिने एकदा वळून त्या दिव्याकडे पाहिले.

"अण्णा, पोरीचं लग्न जमलं असतं," शिष्य कळवळून म्हणाला. "तुम्ही मोडलंत."

"असेलही." वृद्ध बराच वेळ दिव्याची वायर गुंडाळत राहिला. "दिवा फार जवळ नेला की तोंड उजळतं आणि पाय बुडतात. बापाची मायाही तशीच रे. फोटोत पाय झाकता येतील. पण लग्नानंतर ती त्या घरात चालत जाईल, तिथला उजेड आपल्या हातात नसेल. फसवलं म्हणून तेव्हा बोट बापाकडे नाही, तिच्याकडे दाखवतील."

"पण समोरचा तसाच फोटो काढेल ना?"

"काढेल. आत्ता काढतही असेल."

शिष्य सवयीने फडके घेऊन जमिनीवरचा तो पांढरा कागद पुसायला वाकला. कागदावर धुळीची पावले उमटली होती. उजवे पूर्ण, डाव्याची नुसती बोटे.

समोरच्या स्टुडिओच्या काचेत लख्ख उजेड चमकला आणि विझला. शिष्याला ती पावले पुसवेनात.