चिंचपाड्याची रिकामी गाडी

घाटात डांबर पडायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. सातवळणीच्या घाटाखाली चिंचपाडं नावाचं गाव होतं, आणि भरलेल्या बैलगाड्या घाटावर चढवून देणं हा तिथला धंदा होता. सहा जण मागून ढकलायचे आणि सातवा चाकामागे दगड लावत जायचा, म्हणजे बैलांनी दम घेतला तरी गाडी मागे घसरायची नाही. या टोळीचा मुकादम सटवाजी. दगड त्याच्या हातात असायचा.

एका वर्षी तिसऱ्या वळणावर गाडी घसरली आणि मागून ढकलणाऱ्या भिवजीचा, सटवाजीच्या धाकट्या भावाचा, पाय चाकाखाली सापडून कायमचा गेला. सगळ्यांनी दोष बैलांना दिला. त्या दिवसापासून सटवाजीला मात्र अन्न गोड लागेना.

पावसाळ्यात चार महिने गाड्या बंद. टोळी ओसरीवर बसून तंबाखू चोळायची. त्या पावसाळ्यात सटवाजीने फर्मान काढलं. रोज सकाळी एक रिकामी गाडी पहिल्या वळणापर्यंत ढकलायची, एकदाच दगड लावायचा, आणि खाली येऊन प्रत्येकाने आज आपलं काय चुकलं तेवढं सांगायचं. आपलं, दुसऱ्याचं नाही.

"रिकाम्या गाडीतनं काय तुमचा रुबाब न्यायचा व्हय, मुकादम?" टोळीतला येसबा म्हणाला. गाव पोट धरून हसलं. पण पहिल्याच सकाळी भिवजी कुबडी काखेत धरून आला आणि त्याने गाडीला खांदा लावला. मग बाकीच्यांना घरी बसवेना. कुणी म्हणे, माझा खांदा उशिरा लागला. कुणी म्हणे, मी उगाच ओरडलो. सटवाजीही सांगायचा, आज पाय सटकला, आज दगड तिरका पडला. खरं काय ते घशापर्यंत यायचं आणि परत जायचं. महिन्याभरात टोळीची ओरड थांबली. दुसऱ्या महिन्यात सातांचा श्वास एक झाला, असं म्हणतात.

दसऱ्यानंतर पहिली गाडी आली. भाताची पोती, आणि पोत्यांवर बाळंतपणाला माहेरी निघालेली एक लेक. तिसऱ्या वळणावर धुकं असं दाटलं की स्वतःचा हात दिसेना. तेवढ्यात जुवाची दोरी तुटली, बैल मोकळे झाले आणि गाडी दरीकडे निघाली. कुणी ओरडलं नाही. भिवजीसकट सहा खांदे एकदम लागले आणि सटवाजीचा दगड चाकाखाली गेला. नारळाएवढा दगड, पण खडकात असा रुतला की आजवर कुणालाच उपटता आलेला नाही, असं म्हणतात. धुकं विरलं तेव्हा चाक कड्यापासून चार बोटांवर होतं आणि गाडीत बाळ रडत होतं.

खाली आल्यावर सगळे रोजच्यासारखे बसले. त्या दिवशी कुणाचंच काही चुकलं नव्हतं. तरी सटवाजी उभा राहिला.

"गेल्या हंगामात दगड माझ्या हातात हुता. मी गप्पांत गुंगलो हुतो. बैलांचं काय बी चुकलं न्हवतं. भिवा, तुझा पाय माझ्यापायी गेला." एवढं बोलून तो ढसाढसा रडला.

भिवजीने कुबडी बाजूला ठेवली. "मला ठावं हुतं, दादा," तो म्हणाला. "तू कवा सांगतोस, म्हणून तर रोज येत हुतो."

आता त्या घाटातून ट्रक चढतात आणि चिंचपाड्यात बैलगाडी एकच उरली आहे. तरी पावसाळ्याचे चार महिने गाव रोज सकाळी ती पहिल्या वळणापर्यंत रिकामी ढकलतं, एकदा दगड लावतं आणि खाली येऊन बसतं. मग प्रत्येक जण आपली चूक सांगतो. सुरुवात मात्र सगळ्यात थोरल्या माणसाने करायची, आणि तो बोलेपर्यंत कुणी घरी जात नाही.