हरभऱ्याखालचं तेल

दगड स्वतःच्या पायांनी नदीवर पाणी प्यायला जात, तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर एखाद्या दगडाला विचारा.

शेपटेराव सशाच्या शेतात घूसबाई आल्या, जमीन हुंगून म्हणाल्या, "खाली खडकात तेल आहे. खडक फोडून काढते, निम्मं तुमचं. फक्त हा हरभरा उपटावा लागेल."

शेपटेराव दोन्ही हातांनी उपटायलाच लागले.

"अहो, हिवाळाभर खायचं काय?" त्यांची बायको गोजराबाई ओरडली.

"तेल देऊन पेढे आणू!"

गोजराबाई घूसबाईंकडे वळली. "ताई, गेल्या साली मुंगसाच्या शेतात विहीर खणलीत ना? तेल किती येतं?"

"पहिल्या दिवशी कारंजं उडालं! मुंगूस नखशिखांत भिजला!"

"पहिल्या दिवशी नवा जावईसुद्धा भांडी घासतो. आज किती येतं?"

घूसबाईंनी मिशा चाटल्या. "आज... शेपूट बुडवली तर टोक ओलं होतं."

शेपटेरावांचे हात थांबले, पण आशा थांबेना. "मग त्या कोपऱ्यातल्या उघड्या कातळावर तरी खणू दे की गं!"

"तिथं खुशाल खणा. तिथं माझं काही उगवत नाही."

कारंजं खरंच उडालं. शेपटेराव त्यात नाचले, पाहुण्यांना बोलावून पुन्हा नाचले. मग धार करंगळीएवढी झाली, मग नुसते थेंब. तोवर हरभरा मात्र घाट्यांनी लगडला.

आता सगळं घर हरभरा भाजायला बसलं की गोजराबाई हाक मारते, "अहो तेलशेठ, जरा मीठ आणता का?"

आणि शेपटेराव अगदी ऐटीत उठतात.