नगारा पुढे, राजा मागे

“मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!” राजे प्रतापदेव सिंहासनावरून कडाडले. “पांढऱ्याशुभ्र चादरी, वाफाळता भात, उशाशी वैद्य. आणि तू म्हणतेस, तुझा बाप तिथं ओल्या गोणपाटावर पडलाय?”

“हो महाराज,” येसू म्हणाली.

येसू सारंगगडाच्या उंटशाळेत उंटांना चारापाणी करायची. तिचा बाप नागोजी राजाच्या फौजेत होता. लढाईत त्याचा पाय गेला. अशा जखमी, म्हाताऱ्या शिपायांसाठी राजाने नदीकाठी एक सेवाघर बांधलं होतं, तिथं त्याची सोय झाली होती. सेवाघराचा कारभारी हैबतराव म्हणजे राणीसाहेबांचा सख्खा भाऊ. तोही दरबारात मिशीला पीळ देत उभा होता.

“न्हाणीघरात शेवाळ माजलंय,” येसू म्हणाली. “परवा आबा घसरून पडले. भिंतीला धरायला दोरसुद्धा नाही.”

“दोर आहे. मी धरून पाहिलाय.”

“तो विहिरीचा दोर, महाराज. तुम्ही येता तेव्हा भिंतीला बांधतात. त्या दिवशी विहिरीवर कुणी पाणी काढत नाही.”

“उंटांत वाढलेली पोर,” हैबतराव हसला. “बोलणं वाकडंच असायचं.”

“उंटाची मान वाकडी असते, सरकार. पण तो दुसऱ्याच्या पुढचा चारा खात नाही.”

दरबारात कुणीतरी खोकल्याआड हसू लपवलं. राजाला मात्र राग आला. “मी तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, झकास चाललंय.”

“तेव्हा हे मेहुणे तुमच्या पाठीमागे उभे होते. एकदा न सांगता या.”

“न सांगता? मी काय चोर आहे? राजा निघाला की पुढे उंटावरून नगारा वाजतो. आमच्या आजोबांपासूनचा रिवाज आहे, तो मी मोडणार नाही. आता ऐक. हैबतरावांनी इथं दरबारात, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, तरच मी मानेन. अमावास्येपर्यंत वदवून दाखव. नाही जमलं, तर बापाला उचल आणि उंटशाळेत ने.”

दरबार उठला, हैबतराव हसत निघून गेला; मागे राजा, प्रधान आणि येसू एवढेच उरले. आबांना धड बसताही येत नव्हतं. उंटांच्या पायांत, उघड्या छपराखाली, ते हा हिवाळा काढणार नव्हते.  ती म्हणाली, “महाराज, तुम्ही सेवाघराची तपासणी करायला निघताय अशी दवंडी पिटवा. आणि नगाऱ्याचा उंट माझ्याकडे द्या.”

“आणि मी?”

“रिवाज असा की नगारा पुढे, राजा मागे. पण किती मागे, ते ठरलंय का?”

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने दाढी खाजवली. “तसं... ठरलेलं नाही, महाराज.”

“मग तुम्ही राजवाड्यातच मागे राहा,” येसू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर नगारा दणाणला आणि सेवाघरात एकच पळापळ झाली. गोणपाटं मागच्या दाराने बाहेर गेली. हैबतरावाच्या घरच्या गाद्या पुढच्या दाराने आत आल्या. न्हाणीघर विटकरीने घासलं गेलं, भिंतीला दोर लागला. वैद्यबुवांना अर्ध्या हजामतीवरून उचलून आणलं. भातावर तूप पडलं.

सगळे रस्त्याकडे बघत बसले. राजा काही आला नाही. उन्हं उतरली तशी हैबतरावाने गाद्या गुंडाळायला सांगितल्या. गाद्या दारापर्यंत गेल्या, तोच टेकडीवर पुन्हा नगारा! गाद्या परत आत.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे पुढे गडीमाणसांनी गाद्या गुंडाळायचंच सोडलं. विहिरीसाठी वेगळा दोर आला. वैद्यबुवा रोज बसून कंटाळले, म्हणून एकेकाची जखम खरंच धुऊ लागले. नागोजी उशांना टेकून बसायला लागला. शेजारच्या खाटेवरचा धोंडजी हवालदार एका सकाळी त्याला म्हणाला, “आज नगारा उशिरा वाजला रे. राजा नाही आला तरी चालेल, पण नगाऱ्याने वेळ पाळावी. भात निवतो.”

अमावास्या तोंडावर आली, तसा हैबतराव धापा टाकत दरबारात शिरला. मिशीचा पीळ पार उतरला होता.

“महाराज, एकदाचे या तरी, नाहीतर येत नाही म्हणून सांगा! रोज तूप, रोज धुतलेल्या चादरी, वैद्य रोज हजर! माझ्या घरच्या गाद्या तिथं आणि बायको घरी चटईवर झोपून मला शिव्या घालतेय. असं रोजच्या रोज कुठं चालतं का?”

 राजा सावकाश पुढे झुकला.

“मेहुणे, मग आधी रोज काय चालायचं?”

हैबतराव हळूच दाराकडे सरकू लागला.

राजा ताडकन उठला. “घोडा आणा! आत्ताच्या आत्ता जाऊन मी ते सेवाघर बघतो.”

“नको महाराज,” उंट बाहेर बांधून आत आलेली येसू म्हणाली.

“का नको?”

“तुम्ही आलात की परत जाल. आणि तुम्ही गेलात की गाद्याही जातील. तुम्ही न आलेलेच बरे.”

राजाला, तोंडावर, येऊ नका! प्रधानाने डोळे मिटून घेतले. राजे प्रतापदेव आधी लाल झाले, मग त्यांचे गाल थरथरले आणि ते इतके हसले, इतके हसले की मुकुट घसरून नाकावर आला.

“बरं, नाही येत,” ते डोळे पुसत म्हणाले. “पण या मेहुण्यांचं काय करू? काढून टाकू?”

“राहू द्या, महाराज. आता कुठं त्यांचा हात बसलाय.”

राजाला पुन्हा हसू फुटलं. त्याने येसूला नगाऱ्याचा उंट कायमचा दिला, सेवाघराच्या अंगणात राहायला खोली दिली आणि मनाला येईल तेव्हा नगारा वाजवायची मुभा दिली.

राजे प्रतापदेव पुढे सेवाघरात कधीच पोचले नाहीत. पण निघत मात्र रोज होते.