वाळत घातलेल्या चादरी

"कुणाला विचारून टांगल्यात या?"

जाबिर गच्चीवर आला तोच ओरडत. यूनुसबाबा दोरीला चिमटा लावत होते.

"ओली चादर टांगायला कुणाला विचारायचं असतं?"

"पांढऱ्या आहेत त्या, बाबा!"

"मग? हॉटेलच्या चादरी कसल्या असणार?"

शहरात यादवी पेटून चार महिने झाले होते. समुद्राकाठच्या या हॉटेलात जाबिरची टोळी, रस्त्यापलीकडच्या हॉटेलात शत्रूची. मधला रस्ता ओलांडेल तो मेलाच. यूनुसबाबा तळघरात राहणारे फकीर. मेलेल्यांना गुंडाळायला हॉटेलच्या चादरी धुऊन ठेवायचे. जाबिर एके काळी त्यांचा शिष्य होता. मग हातात बंदूक आली आणि मान ताठ झाली.

खाली त्याचा धाकटा भाऊ नदीम मांडीत गोळी घेऊन तीन दिवस तळमळत होता. दवाखाना रस्त्यापलीकडे.

"त्यांना वाटलं, आम्ही शरण आलो! सकाळपासून एक गोळी नाही त्यांची. हसत असतील लेकाचे!"

"आणि तुमची?"

"...आमचीही नाही. ते झाडत नाहीत म्हणून."

बाबांनी कठड्यापलीकडे बोट केलं.

जाबिरने वाकून पाहिलं. समोरच्या खिडक्यांतूनही पांढऱ्या चादरी लोंबत होत्या.

"त्यांनी पण?"

"त्यांच्याकडेही धुणं साठलं असेल."

"थट्टा पुरे, बाबा. काढा त्या. आमची इज्जत जाते."

"तूच काढ. पण दोन्ही हात लागतील."

जाबिरने खांद्यावरची बंदूक उतरवून कठड्याला टेकवली. हात दोरीपर्यंत गेला...

खालून नदीमचं कण्हणं ऐकू आलं.

हात तसाच राहिला. मग तो जिन्याकडे धावत सुटला. बंदूक तिथंच.

जाबिरसह चौघांनी नदीमला गादीसकट उचललं. रस्त्याच्या मध्यावर गादी एका बाजूला कलली. समोरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं,

"अरे हळू! पाय सांभाळा त्याचा!"

दुपार कलल्यावर जाबिर परत गच्चीवर आला. डोळे सुजलेले.

"वाचेल म्हणाले, बाबा. नदीम वाचेल."

बाबांनी मान हलवली.

जाबिरने एका चादरीला हात लावला. उन्हानं ती पापडासारखी कडक झाली होती. त्याचा चेहरा उतरला.

"वाळल्या, बाबा... आता काढाव्या लागतील."

यूनुसबाबा उठले. कोपऱ्यातली भरलेली बादली उचलली आणि सगळं पाणी भसकन चादरींवर फेकलं.

"कुठं वाळल्यात? नीट हात लावून बघ."